मेलेला माणूस जेवायला बसतो

चौकट सरांबद्दल कॉलेजात सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या मनात आदर कधीच नव्हता, पण पहिली काही वर्षं निदान कीव तरी होती. सर तिथे ‘सिनेमा, कला, साहित्य आणि जनसंवाद : ओळख’ हा पेपर शिकवायचे. या चौघांशी त्यांची स्वतःची ओळख होती की नाही, हा प्रश्न वेगळा. खिडकी दिसली, फळा दिसला, चहाचा कप दिसला, की दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची आणि एक डोळा मिटून त्यातून बघायचं, ही त्यांची खोड. नाव त्यावरूनच पडलं. सिनेमा चालू असताना मात्र हा माणूस पडद्याकडे पाठ करून विजेरीच्या उजेडात पिवळ्या पडलेल्या नोट्स चाळायचा.

दरवर्षी सिनेमा एकच. दीपस्तंभाचा रखवालदार आणि त्याची बायको यांची गोष्ट, चार रिळं. एकोणीस वर्षांपूर्वी प्रोजेक्टरच्या खोलीला रंग दिला, तेव्हा ऑपरेटरने डबे पुसून ठेवले आणि तिसऱ्या-चौथ्याची झाकणं अदलाबदल झाली. चूक ध्यानात आली तेव्हा तिसऱ्याच्या जागी लागलेलं चौथं रीळ निम्मं सरलं होतं. रखवालदार मेला, त्याला पुरलं, बायको एकटीच दिवा लावू लागली. त्यानंतर तिसरं, आणि त्यात तोच रखवालदार टेबलाशी बसून सूप पितोय, वर मीठ कमी म्हणून कुरकुरतोय.

माफी मागायला ऑपरेटर धावत खाली गेला. त्या वर्षी सर अजून पडद्याकडे बघत असत.

“मेलेला माणूस परत जेवायला बसतो,” ते वर्गाला सांगत होते. “दिग्दर्शकाने इथे काळच मोडला आहे.”

पोरं आ वासून लिहून घेत होती. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणत ऑपरेटर माफी न मागताच जिना चढून वर गेला आणि झाकणं तशीच ठेवली. पुढे काळ मोडण्यावर सरांचं पुस्तक आलं, ते अभ्यासक्रमाला लागलं. दरवर्षी त्या दिवशी वरच्या खोलीत एकट्याने हसायचं, हा ऑपरेटरचा नेम झाला.

यंदा त्याची पोरगी त्या वर्गात होती. तिने उत्तरपत्रिकेत सरळ लिहिलं, की काळबीळ काही मोडलेला नाही, रिळं चुकली आहेत. पुरताना रखवालदाराच्या कपाळावर जखमेचा व्रण आहे, सूप पिताना नाही. सरांनी शून्य दिलं आणि शेरा मारला, ‘विद्यार्थिनीला सिनेमा बघता येत नाही.’ फेरपरीक्षेतही पेपर राहिला, तर तिचं अख्खं वर्ष जाणार होतं.

“बाबा, रिळं तुम्ही चालवता,” ती म्हणाली. “माझं चुकलं का?”

“नाही चुकलं,” तो म्हणाला, आणि रंगापासून झाकणांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं, पोरगी हसेल. ती हसली नाही.

“मग सरांना सांगा ना.”

“सांगून ऐकणारा आहे होय तो? डोळ्यांनीच दाखवतो त्याला. फेरपरीक्षेच्या दिवशी बघ तू.”

फेरपरीक्षेला आधी सिनेमा, मग लगेच उत्तर, अशी पद्धत होती. त्या दिवशी ऑपरेटरने रिळं नीट लावली. रखवालदार जेवला, कुरकुरला, पडला, मेला, आणि मेलेलाच राहिला. दिवे लागले. सर नोट्समधून मान वर काढून म्हणाले, “पाहिलंत ना? मेलेला माणूस परत जेवायला बसला.”

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. जे घडलंच नव्हतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ऑपरेटरला त्या माना बघून किळस आली. तो खाली उतरून थेट वर्गात शिरला.

“सर, आज तो आधी जेवला, मग मेला. एकोणीस वर्षांपूर्वी रिळं मीच चुकवली होती. आज नीट लावलीत.”

सरांनी बोटांची चौकट करून त्याच्याकडे बघितलं. “मशीन तुम्ही सांभाळा,” ते म्हणाले. “अर्थ मी सांभाळतो. चला, लिहा.”

आठ दिवसांनी निकाल लागला. पोरगी पहिली आली होती. शेरा होता, ‘आता सिनेमा बघता येऊ लागला.’ ऑपरेटरने उत्तरपत्रिका उघडली. काळ कसा मोडला, यावर तिच्या सुबक अक्षरात तीन पानं होती.

“सगळं डोळ्यांदेखत बघून हे लिहिलंस?”

“वर्ष वाचवायचं होतं.” तिने उत्तरपत्रिका त्याच्या हातातून काढून घेतली. “मी एकदाच खोटं लिहिलं, बाबा. तुम्ही एकोणीस वर्षं दाखवत होतात. माझ्या आधी कुणालाच कळलं नसेल का?”

कळलं होतं. दर दोन-चार वर्षांनी एखादं पोरगं जिना चढून वर यायचं आणि दारातूनच विचारायचं, “काका, रिळं उलटी लागली का हो?” सरांना विचार, असं त्याला सांगून ऑपरेटर दार लावून घ्यायचा आणि पोट धरून हसायचा.