फ्रीजवरची एकशे बारा कार्डं

माझं वय अवघं चार वर्षं, मित्रांनो, पण मला जुनाच म्हणायला हवं. माझे कोपरे मऊ पडलेत. तीन कार्डांवर हळदीची बोटं उमटलीत आणि 'कूल डाउन'चं कार्ड एकदा वरणात पडलं, ते अजून फुगलेलं आहे. एका लोखंडी कडीत ओवलेला कार्डांचा जुडगा, एवढाच मी. कार्डं एकशे बारा. पहिलं पाकीट शंभराचं होतं, वरची बारा दुसऱ्या पाकिटातली.

माझा जन्म अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या नोव्हाय गावचा. जानेवारी महिना होता आणि बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत चढलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ज्ञानदाने निळ्या पेनाने मला लिहिलं. पुढच्या बाजूला इंग्रजी क्रियापद, मागे मराठी अर्थ आणि घरातलंच एखादं वाक्य. लिहून झालं की प्रत्येक कार्डाला भोक पाडायची आणि मोठ्याने वाचायची. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, परीक्षेला बसल्यासारखा.

ती एवढी घाबरली होती ती तिच्या मुलीमुळे. नैना तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरी दिवसभर मराठीत चिवचिवाट करायची, पण प्रीस्कूलमध्ये चार महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. बाईंनी फक्त एवढंच विचारलं होतं, "नैना घरी बोलते का?" ज्ञानदा पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा तास रडली. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथे तिला प्रीता भेटली. पुढचं मला प्रीतानेच ऐकवलं, कारण आमच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता ती तो प्रसंग दहा वेळा रंगवून सांगायची.

"मी हिला म्हटलं, अगं, आम्ही आमच्या आर्यच्या वेळी घरात मराठी एकदम बंद केलं. टोटली. सहा महिन्यांत पोपटासारखा बोलायला लागला तो. दोन-दोन भाषा म्हणजे मुलं कन्फ्यूज होतात यार. आधी एक लागू दे, मराठी काय, नंतर येतंच!"

ज्ञानदाने ते ऐकलं. शाळेत कुणालाच काही विचारलं नाही. एका अनुभवी आईने दुसऱ्या आईला सांगितलं, बस्स.

अडचण अशी होती की ज्ञानदाचं इंग्रजी पुस्तकातलं होतं. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली ती. लॅब रिपोर्ट झोकात लिहायची, पण मुलीशी इंग्रजीत बोलायला लागली की म्हणायची, "रिमूव्ह युवर शूज अँड अरेंज देम प्रॉपर्ली." नैना नुसती बघत राहायची. नवरा सिद्धेश हसायचा. "घरी आलो की वाटतं, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात आलो."

इथली आई 'रिमूव्ह' म्हणत नाही, 'टेक ऑफ' म्हणते. 'अरेंज' म्हणत नाही, 'पुट अवे' म्हणते. मेणबत्ती विझवायची तर 'ब्लो आउट', उलटी झाली तर 'थ्रो अप', भांडणाऱ्या मुलांना 'नॉक इट ऑफ'. घरातलं इंग्रजी असल्या जोडशब्दांचंच बनलेलं असतं. पुट, गेट, टेक, पिक अशी चार-पाच साधी क्रियापदं घ्यायची आणि त्यांच्या मागे एक चिमुकला शब्द लावायचा. नुसतं 'लुक' म्हणजे बघणं, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं आणि 'लुक अप टू' म्हणजे कुणाला तरी मनातून मानणं. पाठ केल्याशिवाय सुटका नाही. आणखी एक सांगतो. 'पुट ऑन युवर शूज' चालतं, 'पुट युवर शूज ऑन'ही चालतं, पण बुटांऐवजी 'देम' म्हणायचं असेल तर ते मधेच बसवावं लागतं, 'पुट देम ऑन'. 'लुक आफ्टर'ची मात्र अशी फोड होत नाही, 'लुक आफ्टर हर'च म्हणायचं. ज्ञानदाने हे एकोणतिसाव्या कार्डाच्या मागे लाल पेनाने लिहिलंय आणि दोनदा अधोरेखित केलंय.

तिने मला फ्रीजच्या चुंबकी आकड्याला अडकवलं. सकाळी 'वेक अप', 'गेट अप', 'हरी अप'. संध्याकाळी 'पिक अप', 'क्लीन अप', 'सेटल डाउन'. पोळी लाटता लाटता ती एका बोटाने मला उलटायची. मार्चमध्ये नैना शाळेत बोलली. मे महिन्यात बाईंनी कळवलं की आता तिला गप्प करावं लागतं. त्या दिवशी ज्ञानदाने माझा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे, सतरा हृदयं. तीन आयांनी माझ्या नकला करून घेतल्या. मला फार अभिमान वाटला, मित्रांनो. एका मुलीला मी बोलती केली असं मी धरून चाललो.

मग घरात एक बदल झाला आणि तो फक्त मला दिसला, कारण मी दिवसभर तिथेच लटकत होतो. ज्ञानदा कमी बोलायला लागली. कार्डांवर होतं तेवढंच बोलायची आणि माझ्यातले निम्म्याहून जास्त शब्द हुकमाचे होते. ऊठ, आवर, बस, थांब, लवकर. मुलगी पडली, गुडघा फुटला, तर ज्ञानदाच्या ओठांवर आधी काहीतरी यायचं, ते ती गिळायची आणि म्हणायची, "कॅल्म डाउन, नैना." नैना शांत व्हायचीही. पण आईजवळ यायची नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये ज्ञानदाचे वडील आले. एकनाथराव, नैनाचे आबा. परभणीच्या एसटी डेपोत त्यांनी चौकशीच्या खिडकीत जन्म काढला होता. कुठली गाडी, किती वाजता, कुठल्या फलाटावर, हजारो माणसांना त्यांनी माइकवरून सांगितलेलं. बोलणं हाच त्यांचा धंदा. सहा महिन्यांपूर्वी त्यांची बायको मालिनी वारली होती आणि ते एकच गोष्ट मनात घेऊन आले होते. पहिल्याच दिवशी चहाचा कप हातात घेऊन ते ज्ञानदाला म्हणाले, "अगं, ही डिट्टो तुझी आई आहे. हसताना डावा गाल आधी वर जातो. मला हिला तिच्या आजीबद्दल सांगायचंय. सगळं."

"सांगा ना बाबा. मी ट्रान्सलेट करते."

"तुझ्यातनं कशाला? माझी नात आहे. मीच सांगतो."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. नैना दोन मिनिटं बसली, मग आईकडे वळली. "मॉम, व्हॉट इज ही सेइंग?" तिसऱ्या दिवशी ती नुसतीच उठून गेली.

तेव्हा आबांनी मला फ्रीजवरून काढलं. चष्मा लावून डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, बसायचे आणि मला वाचायचे. मागचा अर्थ उलटून न बघताच ज्ञानदाला हाका मारायचे. "हे 'हँग आउट' काय गं? बाहेर टांगायचं?"

"नाही हो. नुसतं एकत्र वेळ घालवायचा."

"हात्तिच्या! मग डेपोत आम्ही दुसरं काय केलं?"

सत्तर वर्षांचा माणूस रोज पाच कार्डं पाठ करत होता. "नैना, कम ऑन. पुट युवर शूज ऑन. वुई गो आउट." नैना खिदळायची, बूट घालायची आणि दोघं बागेपर्यंत जाऊन यायची. पण तिथून पुढे जायला माझ्यात काहीच नव्हतं. एका दुपारी त्यांनी मला पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत उलटलं आणि विचारलं, "ज्ञानदा, यात हुरहुर कुठाय?"

ज्ञानदा कणीक मळत होती. ती तशीच मळत राहिली.

सप्टेंबरमध्ये शाळेच्या पालकसभेहून ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. कोट न काढताच ती सिद्धेशला सांगायला लागली. "तिथे स्पीच थेरपिस्ट होत्या. मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, नव्या भाषेत शिरताना कित्येक मुलं काही महिने गप्पच असतात. आपोआप बोलायला लागतात. घरची भाषा बंद करा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं? असं विचारलं त्यांनी मला. काय सांगू? हळदीकुंकवात ऐकलं म्हणू?"

"तू चांगल्यासाठीच केलंस."

"ते नको बोलूस, सिद्धेश. प्लीज."

म्हणजे नैना माझ्यामुळे बोललीच नव्हती. ती तशीही बोलणार होती. मी जे केलं ते वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदाने मराठीत बोलायला सुरुवात केली. "नैना, ये राणी, पोळी खाऊन घे." नैनाने चमचा खाली ठेवला. "मॉम, व्हाय आर यू टॉकिंग लाइक आबा?" आणि थोड्या वेळाने, "स्टॉप इट. टॉक नॉर्मल." आबा समोरच बसले होते. एवढं इंग्रजी त्यांना आता कळत होतं. ते उठून डेकवर गेले.

ज्ञानदाने सोडलं नाही. रोज थोडं थोडं बोलायची, नैना रोज इंग्रजीत उत्तर द्यायची. ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी ती शिकेल तेवढं. तेव्हा सांगीन."

फेब्रुवारीत परभणीच्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला. आबांच्या नाकात नळी होती आणि पाठ केलेलं सगळं इंग्रजी पुसलं गेलं होतं. त्यांनी नैनाला समोर बोलवायला लावलं आणि मराठीतच बोलायला लागले. हळूहळू, प्रत्येक शब्दानंतर दम घेत, जवळजवळ सात मिनिटं. तिची आजी पोळी फुगली की लहान मुलीसारखी टाळी वाजवायची. त्यांना रात्रपाळीहून यायला उशीर झाला तर फाटकाशी कंदील घेऊन उभी राहायची आणि रागावलेय असं दाखवायची, पण डावा गाल आधी वर जायचा. तू हसतेस तेव्हा ती मला दिसते बाळा, म्हणून मी तुझ्याकडे बघत बसायचो.

नैना शहाण्यासारखी उभी होती. मान हलवत होती. ज्ञानदाला मधे बोलून भाषांतर करायचं होतं, पण ती नुसता फोन धरून उभी राहिली. शेवटी आबा थांबले आणि वाट बघू लागले. नैनाने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि म्हणाली, "ओके, आबा. बाय."

चार दिवसांनी ते गेले.

नंतर एका दुपारी ज्ञानदाने नैनाला जवळ बसवून सगळं इंग्रजीत सांगितलं. पोळी, कंदील, गाल. एकही चूक झाली नाही. कुठे अडखळली नाही. नैनाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिड ही से इट लाइक दॅट?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली.

"देन से इट लाइक ही सेड इट."

ज्ञानदाने मराठीत सांगितलं. अगदी त्यांच्यासारखं, थांबत थांबत. नैना आईच्या ओठांकडे डोळे ताणून बघत राहिली. तिला 'आजी' कळलं, 'पोळी' कळलं आणि 'बाळा' कळलं. बाकीचे शब्द कळले नाहीत.

मित्रांनो, मी कागद आहे, मला रडता येत नाही. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. उद्या मला कचऱ्यात टाकलंत तरी चालेल, इंग्रजी तुम्हाला कुठूनही मिळेल. पण तुमच्या घरात कुणी तुमच्याशी अशा भाषेत बोलत असेल जी तुम्हाला अर्धीच कळते, तर उठून जाऊ नका. "परत सांगा" म्हणा. दहा वेळा म्हणा. आणि आयांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एवढंच, मुलगी पडली की तोंडात जो शब्द पहिला येईल तोच बोला. तो गिळू नका.

नैना आता आठची होईल. संध्याकाळी ती आईचा फोन घेते आणि आबांचा एक जुना व्हिडिओ लावते, परभणीत मतदान करून आल्यावर काढलेला. त्यात ते काहीतरी बोलून हसतात. ते हसले की तीही हसते. ते काय बोलले हे तिला अजून माहीत नाही.