परक्यांनी बसवलेली घंटी

शशिकांत मोहोड यांनी केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात तेवीस वर्षे नकाशे काढले आणि पुढची अकरा वर्षे इतरांनी काढलेले नकाशे तपासले. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात त्यांना जे पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले, ते त्यांनी जन्मभर पाळले: कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कोणी काढले, कोणी तपासले, कुठे आणि केव्हा, एवढे लिहिल्याशिवाय नकाशा टेबलावरून हलवायचा नाही. ज्या कागदावर नाव नाही त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, हे त्यांनी घरातही इतक्या वेळा ऐकवले होते, की त्यांची सून विनया लोणच्याच्या बरणीवरसुद्धा नाव आणि तारीख चिकटवत असे. नाही चिकटवले तर सासरे बरणी फिरवून फिरवून पाहत.

मुलगा नोकरीनिमित्त शिलाँगला असल्यामुळे नोएडाच्या त्या फ्लॅटमध्ये तिघेच राहत: मोहोड, विनया आणि बावीस वर्षांची नात सृष्टी. सृष्टी घरे बांधत असे, पण पडद्यावरची. ‘मोहल्ला’ नावाच्या ऑनलाइन खेळात मुले आपापली गल्ली वसवतात. त्यासाठी लागणारी घरे, दुकाने, झाडे निरनिराळ्या कारागिरांनी तयार करून तिथे विकायला ठेवलेली असतात. सृष्टीच्या दुकानाचे नाव होते ‘चिमणघर’. त्यात एकेचाळीस वस्तू होत्या, आणि त्यांतली सर्वांत लाडकी म्हणजे दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचे जुने सरकारी क्वार्टर. मोहोडांनी तिथे उभे आयुष्य काढले होते. विटेची जाडी, खिडकीतला कूलर, जाळीचा दरवाजा, सगळी मापे त्यांनी तोंडपाठ सांगितली होती. जाळीच्या दरवाजाला नुसती कडी होती. ढकलला की कोणीही आत. जवळजवळ सात हजार मुलांनी ते क्वार्टर आपल्या गल्लीत उभे केले होते. पुण्यातल्या एका डिझाइन संस्थेच्या प्रवेशअर्जात चालू असलेल्या दुकानाचा पत्ता द्यायचा होता आणि अर्जाची मुदत तीस सप्टेंबरला संपत होती. सृष्टीची सगळी भिस्त त्या दुकानावर होती.

दुकान टोपणनावाने चालवायचे, हा तिचाच निर्णय. एकट्या मुलीने खरे नाव जगजाहीर करू नये, एवढे तिला कळत होते. तिच्या आबांना, म्हणजे मोहोडांना, मात्र ते पटले नव्हते.

“टोपणनावाने कविता छापतात,” ते म्हणाले होते, “घरं नाही बांधत.”

कोपऱ्यात नाव लागेपर्यंत क्वार्टर तपासून पास करणार नाही, असा त्यांनी हट्टच धरला. शेवटी सृष्टीने व्हरांड्यातल्या विजेच्या मीटरमागे बोटभर पट्टी लावली. रेखाटन सृष्टी मोहोड, तपासणी शशिकांत मोहोड, खाली फ्लॅट क्रमांक, सेक्टर, नोएडा.

“चलो, झालं समाधान? यार आबा, तिथे कोणी बघणारसुद्धा नाही!”

सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी, अकराच्या सुमारास, दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. हातात मोबाइल, चेहरा लालबुंद. तिचे नाव हरमीत. करोल बागेत तिचे गाड्यांच्या सीट कव्हरचे दुकान होते.

“चिमणघर यही है?”

“आप कौन?” मोहोडांनी विचारले.

“मैं उस बच्चे की माँ हूँ, जिससे आपने उसके स्कूल का नाम पूछा है।”

मोहोडांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या घरावर असा आळ आजवर कोणी घेतला नव्हता. “मॅडम, हमारे यहाँ कोई बच्चों से कुछ नहीं पूछता। आप गलत घर आई हैं।”

“गलत घर?” तिने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. “ये घर किसका है जी?”

पडद्यावर लक्ष्मीबाई नगरचे क्वार्टर होते. कूलर तोच, जाळीही तीच. पण दरवाजाशेजारी एक पितळी घंटी लकाकत होती. हरमीतने ती दाबली. घंटी वाजली आणि रंगीत अक्षरे नाचू लागली: घर खोलना है? अपना नाम, स्कूल और मम्मी-पापा का नंबर लिखो!

सृष्टी आतून धावत आली. तिने पडदा दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि ती मराठीतच पुटपुटली, “आबा, ही मी नाही बसवली. आपल्या दाराला घंटीच नव्हती.”

हरमीतच्या नऊ वर्षांच्या मुलाने घर उघडावे म्हणून सगळे भरले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तो मुलानेच उचलला. पलीकडच्या माणसाने त्याला नावाने हाक मारली, शाळा किती वाजता सुटते आणि तू कोणत्या फाटकातून बाहेर येतोस, असे विचारले. कोचिंग क्लासच्या व्हॅनसाठी हवे म्हणाला. त्या दिवसापासून हरमीत दुकान नोकरावर टाकून मुलाला स्वतः आणायला जात होती.

“हमारा पता आपको कैसे मिला?” मोहोडांनी विचारले. आवाज एव्हाना खाली आला होता.

“मीटर के पीछे लिखा है। बच्चे हैं जी, वो तो मीटर के पीछे भी झाँकते हैं।”

विनयाने चहाचे विचारले. “चाय नहीं, जवाब चाहिए,” म्हणून हरमीत निघून गेली.

मोहोड खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या हट्टापायी नातीचे नाव आणि घराचा पत्ता सात हजार अनोळखी घरांत जाऊन बसला होता. आज दारात एक आई आली, उद्या कोण येईल याचा नेम नव्हता. “ती पट्टी आत्ता काढ,” ते म्हणाले. सृष्टीने दोन मिनिटांत ती काढली. पण घंटी निघेना. ती कंपनीने बसवली होती आणि तिला हात लावण्याची सोय कारागिराला ठेवलेलीच नव्हती.

जुने मेल उपसल्यावर उलगडा झाला. ज्या घराची विक्री पाच हजारांवर जाईल त्याला ‘स्वागत घंटी’ बसवली जाईल. सात दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल. सणाच्या सवलतींच्या जाहिराती सांगणाऱ्या मेलच्या तळाशी हे दोन ओळींत दडवले होते.

“गप्प बसणं म्हणजे होकार?” मोहोड कडाडले. “गल्लीतलं गटार उघडायचं तरी दारोदार नोटीस लावतात!”

सोमवारी आजोबा आणि नात मेट्रोने गुरुग्रामला कंपनीच्या कार्यालयात पोचले. कारागिरांचे प्रश्न पाहणारा अधिकारी निघाला हेरंब नावाचा तरुण, मूळचा साताऱ्याचा.

“अरे वा, आपलीच माणसं! बसा ना काका. कॉफी घेणार?”

“घंटी कधी काढताय?”

“काका, घंटी म्हणजे फक्त एंगेजमेंट हो, मुलं खेळात गुंतून राहावीत म्हणून. मुलांना मजा वाटते.”

“मुलाच्या शाळेचा पत्ता मिळाल्यावर कोणाला मजा वाटते, ते मला सांगा. ते नंबर तुम्ही कोणाला दिले?”

“आमचे पार्टनर असतात. आणि बिल्कुल नियमात आहे. खाली लिहिलंय की पालकांच्या परवानगीने भरा.”

सृष्टीने मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. “कुठे लिहिलंय?”

हेरंबने चष्मा वर केला, पडदा मोठा केला, आणखी मोठा केला. “हे काय, इथे.”

“तुम्हाला सापडायला इतका वेळ लागला,” मोहोड म्हणाले, “आणि नऊ वर्षांच्या पोराने ते आधी वाचायला हवं होतं?”

हेरंबचा गोडवा थोडा आटला. “काका, राग मानू नका, पण खाजगीपणाच्या गोष्टी तुम्ही करता? नातीचा पत्ता भिंतीवर कोणी लावला? आम्ही तर टोपणनावाची सोय दिली होती.”

चोराच्या उलट्या बोंबा खऱ्या, पण वार वर्मी बसला. मोहोडांनी मान हलवली. “मी लावला. चूक माझी, कालच दुरुस्त केली. नाव माझ्या घरातलं होतं, जोखीमही माझ्याच घरावर आली. तुम्ही दुसऱ्यांची पोरं जोखमीला लावलीत आणि वर पार्टनर म्हणता. आता तुमची चूक तुम्ही कधी दुरुस्त करता?”

हेरंबने घड्याळ पाहिले. तेव्हा मोहोडांनी आपल्या खात्याची रीत सांगितली: नकाशात दोष सापडला, की ज्याला ज्याला प्रत गेली त्या प्रत्येकाला लेखी कळवून ती परत मागवायची. “मला यादी द्या. सात हजार तर सात हजार, मी पत्रं लिहितो.”

“ते शक्य नाही. ग्राहकांची प्रायव्हसी असते ना!”

मोहोड ताडकन उभे राहिले. सृष्टीने त्यांचा हात धरला. “आबा, ती यादी आपल्यालाही नकोच आहे. आपल्याला कशाला हवेत कोणाचे नंबर?” मग ती हेरंबकडे वळली. “मी घर मागे घेतलं तर?”

“दोन वर्षं व्हायच्या आत एक वस्तू जरी मागे घेतली, की पूर्ण दुकान बंद. करार आहे. परत उघडत नाही. विचार कर, तुझं करिअर आहे.”

परतीच्या वाटेवर राजीव चौकात गाडी बदलताना सृष्टी म्हणाली, “नुसतं मागे घेऊन भागणार नाही, आबा. ज्यांनी आधीच नंबर भरलेत, त्यांना कोण सांगणार?”

उपाय तिनेच काढला. घंटी काढणे तिच्या हाती नव्हते. पण घराच्या भिंती तिच्या होत्या. तिने भिंतीत बदल केला, की तो प्रत्येक गल्लीतल्या क्वार्टरवर आपोआप उतरत असे. घर कोणाचे, हे तिला ठाऊक नसतानाही. दरवाजाशेजारी, घंटीच्या बरोबर वर, मोठी पाटी लावायची.

मंगळवारी दुपारी मोहोडांनी मजकुराचा मसुदा आणला. नऊ कलमे होती.

“आबा, वाचणारा नऊ वर्षांचा आहे.”

“मग कलम चार ते सात गाळ.”

सृष्टीने सगळीच गाळली आणि लिहिले: यह घंटी मैंने नहीं लगाई। इसमें नाम, स्कूल, नंबर मत लिखो। लिख दिया हो तो आज ही घर में किसी बड़े को बताओ। खाली तेच इंग्रजीत. अडीच वाजता तिने पाटी लावली. किती घरांवर ती उतरली, एवढाच आकडा पडद्यावर दिसत होता. तो झरझर वाढू लागला.

पावणेचारला हेरंबचा फोन आला, सृष्टीने उचलला नाही म्हणून मोहोडांना. “काका, हे काय चाललंय? दहा मिनिटांत पाटी काढायला सांगा. काढली तर दुकान वाचवतो, माझा शब्द.”

मोहोडांच्या जिभेवर अस्सल वऱ्हाडी शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. विनया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुण्याचा अर्ज टेबलावर उघडा होता. त्यांनी फोन सृष्टीपुढे ठेवला. “दुकान तुझं आहे. बोल.”

सृष्टीने फोन उचलला. “हेरंबसर, तुम्ही घंटी काढा, मी पाटी काढते.”

“ते माझ्या हातात नाही गं.”

“दुकान बंद करणं आहे ना? मग करा.”

चारला पाच मिनिटे असताना ‘चिमणघर’ काळे झाले. एकेचाळीस वस्तू गेल्या. सात हजार गल्ल्यांत त्या क्वार्टरच्या जागी मोकळा प्लॉट उरला असणार. आकडा चार हजार एकशे बारावर थांबला होता.

“म्हणजे जवळजवळ तीन हजार पोरांना कळलंच नाही,” मोहोड म्हणाले. “आणि हे नालायक त्यांचे नंबर विकत बसणार!” त्यांनी कोरा कागद ओढला आणि सायबर पोलिसांसाठी तक्रार लिहायला घेतली: घंटीचे छायाचित्र, मेलची प्रत, आणि करोल बागेत जाऊन हरमीतला विचारायचे, सही करणार का.

“आणि अर्जाचं काय?” विनयाने हळूच विचारले.

सृष्टीने लॅपटॉप पुढे घेतला. दुकानाच्या पत्त्याचा रकाना रिकामा होता. तिने टाइप केले: दुकान आज बंद झाले. कारण विचारल्यास सांगेन.

मोहोड तिच्या खांद्यावरून वाचत होते. “‘विचारल्यास’ कशाला?” ते म्हणाले. “न विचारता सांग.”

तिने ओळ खोडली आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली.