मेजाखालचा शिक्का

ओतिलियाने जुन्या फर्निचरच्या दुकानाचं शटर वर ढकललं आणि तिथेच थबकली. आत जळक्या लाकडाचा वास होता.

आधी तिला वाटलं, वायर जळाली. तिने मेन स्विच पाहिला, मागची खोली पाहिली. मग तिची नजर शिसवी मेजावर गेली. काल भिंतीला टेकवून ठेवलेलं मेज आज हातभर पुढे आलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, टॉर्च लावला. मेजाच्या खालच्या अंगाला गोल शिक्का डागलेला होता: ‘बर्नार्दो सोएरो, पोर्तो’. वरून मेण चोळलं होतं, तरी बोटाला काजळी लागली.

सगळा उन्हाळा तिने या मेजापायी घालवला होता. सोएरो हा जुन्या काळचा नामांकित कारागीर; त्याच्या कारखान्यातून शिक्का न मारताही बरंच सामान बाहेर पडायचं, आणि अशा सामानाला बाजारात कोणी विचारत नसे. म्हणून तिने एकेक खण बाहेर काढून कोपऱ्यांचे सांधे पाहिले, स्क्रू काढून भोकांतली जुनी धूळ पाहिली, तळाची फळी कुठे काळवंडली आणि कुठे नाही ते पाहिलं. संग्रहालयातल्या मेजाशी मापं ताडली. मगच तिची खात्री पटली, की हे सोएरोचंच. आज लिस्बनचं गिऱ्हाईक यायचं होतं.

तिचा धाकटा भाऊ बेल्मिरो समोरच्या कॅफेतून दोन कॉफ्या घेऊन आला. बहिणीचा चेहरा पाहून त्याने कप खाली ठेवले.

“हे काय केलंस?”

“ओरडू नकोस, लोक ऐकतील.”

“ऐकू देत! काय केलंस, विचारते मी!”

“तुझं काम सोपं केलं. तो माणूस तुझी ती धुळीची पुराणं ऐकायला येतोय का? फोनवर हो म्हणाला तरी इथे येऊन शिक्का नाही म्हणून भाव पाडेल.”

“खोटा शिक्का मारलास तू.”

“खोटा कसा? मेज सोएरोचं आहे, तूच म्हणालीस. मग नाव त्याचंच घातलं. खोटं कुठे आलं त्यात?”

तिने काचकागद उचलला आणि परत ठेवला. घासावं तर आतलं कोरं लाकूड उघडं पडणार, मग कोणीही म्हणेल, इथे काहीतरी लपवलंय. शिवाय मेज त्यांचं नव्हतंच. शाळेतून निवृत्त झालेल्या दोना एर्मेलिंडांनी ते विकायला दिलं होतं. पैसे आले की त्या ब्रागाला लेकीजवळ घर घेणार होत्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. लिस्बनचं गिऱ्हाईक, म्हातारे सेन्योर एवारिश्तो, ठरल्यापेक्षा आधीच्याच गाडीने आले होते.

“कसला हो वास?” आत येताच त्यांनी विचारलं.

“मेण करपलं, सेन्योर,” बेल्मिरो खिडकी उघडत म्हणाला.

म्हाताऱ्याने खण ओढून पाहिले, आत हात फिरवला, हुंगले. खूश दिसला. गुडघे दुखत असल्यामुळे त्याला वाकवेना. आपला मोबाइल त्याने ओतिलियाच्या हातात दिला. “दोना ओतिलिया, जरा खालचा फोटो काढता?”

ती मेजाखाली शिरली. फोटोत शिक्का येणार नाही असा कोन धरता आला असता. तिने धरला नाही. समोर बेल्मिरोचे बूट दिसत होते. एक टाच सारखी हलत होती.

फोटो पाहून म्हातारा उडालाच. “अहो, शिक्का आहे की! फोनवर तर नाही म्हणालात!”

“धुळीखाली होता,” बेल्मिरो घाईने म्हणाला. “पुसताना सापडला.”

“मग ठरलेल्या किमतीत घेणं बरं दिसणार नाही. वाढवून देतो मी!”

बेल्मिरोने बहिणीकडे पाहिलं. नुसत्या नजरेने हात जोडत होता. 

“तो शिक्का आजचा आहे,” ती म्हणाली. “माझ्या भावाने मारला. मेज खरं आहे, शिक्का तेवढा खोटा.”

“काहीतरीच! तिला बरं नाहीये—”

“गप्प बस, बेल्मिरो.”

एवारिश्तोंनी मोबाइल सावकाश खिशात टाकला. “आणि स्क्रू? ते कोणी बसवले?”

“मूळचेच आहेत. मी स्वतः...”

“हे मला सांगतंय कोण? शिक्का मारणाऱ्याची बहीण.” त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

“झालं समाधान?” बेल्मिरो म्हणाला.

“कोट घाल. दोना एर्मेलिंडांकडे जायचंय. आणि बोलायचं तू.”

दोना एर्मेलिंडा स्वयंपाकघरात कोबी चिरत होत्या. बेल्मिरोने अडखळत सगळं सांगितलं, शेवटी ‘पण मेज खरंच सोएरोचं आहे’ हेही जोडलं. त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

“त्या मेजावर बसून मी जन्मभर वह्या तपासल्या, बाळा. पोरं प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकायची. पकडलं की म्हणायची, बाबांनी बघितलं होतं हो बाई, खरंच बघितलं होतं.”

बेल्मिरोचे कान लाल झाले.

“बघितलंही असेल,” त्या म्हणाल्या. “पण पुढे बापाने खरीखुरी सही केली, तरी मला ती खरी वाटायची नाही. आता माझं ब्रागाचं घर कसं व्हायचं, ते सांग.”

मेज दुकानात तसंच पडून राहिलं. ख्रिसमसच्या तोंडावर एवारिश्तोंचा फोन आला. त्यांच्या डोक्यातून ते खण जात नव्हते. या खेपेला ते आपला जाणकार माणूस घेऊन आले. ओतिलियाला त्याने जवळही फिरकू दिलं नाही. एकेक स्क्रू काढला, भोकांत भिंगाने पाहिलं आणि शेवटी म्हणाला, “सोएरोचंच.” तरी भाव पडला तो पडलाच, कारण डागलेलं लाकूड कधीच पहिल्यासारखं होणार नव्हतं. पावतीवर ‘शिक्का नवा, मी मारलेला’ असं लिहून बेल्मिरोने खाली सही केली. दोना एर्मेलिंडांना कमी पडलेली रक्कम भरून द्यायला त्याने मोटरसायकल विकली.

दोना एर्मेलिंडांनी पैसे घेतले. त्याला माफ केलं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यानेही विचारलं नाही. ब्रागाला जायच्या दिवशी त्यांचं सामान टेम्पोत चढवायला मात्र तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राबत राहिला.