जहाजापर्यंतचं पाणी

"झेंडा चढवू की नको, तेवढं सांग मावशी," योर्दिस म्हणाली.

मारेन होडीघराच्या दारात उभी राहून पाण्याकडे बघत होती. काठीवर झेंडा चढला की जहाज तेर्नेय बेटासमोर वेग कमी करणार, आणि मग होडी घेऊन जावंच लागणार. नाही चढला तर ते भोंगा वाजवून सरळ पुढे निघून जाणार, ते थेट गुरुवारीच परतणार. आज सोमवार होता. योर्दिसचा नवरा इसाक शनिवारपासून पोट धरून लोळत होता. आज सकाळी त्याचं कण्हणं थांबलं, अंग मात्र विस्तवासारखं तापलेलं. कण्हणं थांबलं म्हणूनच योर्दिस धावत आली होती.

तेर्नेयला धक्का नाही. बेटाभोवती बुडीत खडकांचं कडं आहे, त्यामुळे जहाज अर्धा मैल बाहेरच थांबतं. तिथवर टपाल, पिठाची पोती, माणसं आणि मेंढ्या न्यायच्या-आणायच्या त्या होडीने. हे काम मारेनच्या नवऱ्याचं होतं. तो वारला त्या आठवड्यात कोणीतरी जायला हवं म्हणून मारेन गेली, आणि त्याला आता बावीस वर्षं झाली होती. ती एकोणसाठ वर्षांची होती. बेटावरच्या लोकांनी तिला कधी या कामावर नेमलं नाही, तसं कधी काढलंही नाही. यंदाच्या नाताळानंतर मात्र इसाकने टपालखात्याला पत्र लिहिलं होतं, की हे काम आता म्हाताऱ्या बाईच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, ते पुरुषमाणसाला द्यावं. पाकिटावरचा पत्ता वाचूनच मारेनने काय ते ओळखलं होतं. ते पाकीट तिनेच पिशवीत घालून जहाजावर पोचवलं.

जानेवारी संपत आला होता. बेटावरचे धडधाकट पुरुष सगळे उत्तरेला मोठ्या मासेमारीवर गेलेले. पोटदुखीमुळे इसाक तेवढा मागे राहिला होता. वारा नैर्ऋत्येचा होता आणि ओहोटीचं पाणी त्याच्या तोंडावर धावत होतं. अशा वेळी बेटासमोरच्या खाडीत लाटा लांबट उठत नाहीत. भिंतीसारख्या उभ्या राहतात.

"दुसरी वल्ही कोण धरणार?" मारेनने विचारलं.

"मी."

"तुला तीन पोरं आहेत."

"आणि त्यांना बाप एकच आहे."

मारेनने खुंटीवरची वल्ही खाली काढली. मग म्हणाली, "चढव झेंडा."

होडीघराचं दार बिजागरीवरून काढून त्यावर इसाकला घातलं आणि चार बायकांनी त्याला उताराने खाली आणलं. पुढे त्याची आई होती, लोविसा, अडुसष्ट वर्षांची. तिने कोणाला पुढची बाजू धरू दिली नाही. होडीच्या तळाशी गवत पसरून, वर मेंढीचं कातडं टाकून त्याला दारासकट निजवलं. मारेनने लोकरीचे हातमोजे समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळले. ओले मोजे वल्ह्यावर घसरत नाहीत आणि वाराही आत शिरू देत नाहीत. योर्दिसने बघून तसंच केलं. लोविसा गुडघाभर पाण्यात उभी राहून होडी धरून होती. मारेनला ती एवढंच म्हणाली, "त्याला कोरडा ठेव."

ते काही जमलं नाही. खडकांच्या आडोशातून बाहेर पडताच तिसरी लाट होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, फुटली आणि इसाकच्या पायांवर पाणी आलं. मारेन मागे न वळता हुकूम सोडत होती. डावं ओढ. थांब. आता दोन्ही. योर्दिसला वल्हं मारता येत होतं, पण ती नवऱ्याकडे बघायला लागली की तिचा ताल चुकायचा आणि होडी लाटेला आडवी व्हायला लागायची.

"त्याच्याकडे बघू नकोस," मारेन म्हणाली. "माझ्या पाठीकडे बघ."

मध्यावर आल्यावर इसाकने डोळे उघडले. थोडा वेळ तो मारेनचे हात बघत राहिला.

"उजवीकडचा खडक..." तो पुटपुटला.

"माहीत आहे मला तो," मारेन म्हणाली.

जहाज वाऱ्याला आडवं होऊन थांबलं होतं, म्हणून त्याच्या पोटाशी थोडं शांत पाणी होतं. माल चढवायच्या जाळ्यात इसाकला दारासकट घातलं. जाळं वर गेलं, जहाजाच्या अंगावर एकदा आपटलं, आणि आत गेलं. योर्दिस दोरीच्या शिडीपाशी उभी होती. एक हात शिडीवर, डोळे मारेनवर.

ती वर गेली तर मारेन एकटी उरणार होती, आणि या वाऱ्यात ती होडी एकट्याने परत नेणं शक्य नव्हतं. दोघींनाही ते कळत होतं. ती परत आली तर इसाक अनोळखी लोकांत एकटा पडणार होता. घरी पोरं आजीपाशी होती. मारेनच्या मनात आलं की हिला सांगावं, बस खाली, वल्ही धर. ते सांगायचा तिला हक्कही होता.

"जा," ती म्हणाली.

वरून कप्तान ओरडला की खडक जवळ येताहेत, दोघीही वर या, होडी मागे बांधून घेऊ. मारेनने टपालाची पिशवी गळ्यात अडकवली, दोर बांधला आणि शिडी चढली. जहाज वळलं तशी होडी मागून आदळायला लागली. दुसऱ्या आदळण्याला तिची एक फळी फुटली. खलाशी कोयता घेऊन आला आणि थांबला. मारेनने मान डोलावली. त्याने दोर तोडला. होडी थोडा वेळ लाटांवर दिसत राहिली. मग मारेन आत जाऊन इसाकच्या उशाशी बसली, कारण योर्दिसला ओकाऱ्या होत होत्या.

आतडं फुटलं होतं. पुढच्या बंदरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पोट उघडलं. आदल्या दिवशी आणला असता तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. त्यात कोणाला दोष नव्हता. आदल्या दिवशी जहाजच नव्हतं.

मंगळवारी दुपारी इसाक शुद्धीवर आला. योर्दिस खुर्चीत झोपली होती. त्याने मारेनला विचारलं, "होडी?"

"गेली."

"मी एक पत्र लिहिलं होतं," तो म्हणाला.

"ते मीच नेलं."

"माहीत होतं तुला?"

"टपाल आहे ते. माझ्याबद्दल असलं म्हणून काय झालं?"

त्याला हसू आलं, पण हसताना टाके ओढले आणि तो डोळे मिटून पडून राहिला. बुधवारी पहाटे योर्दिसचा हात हातात असताना तो गेला.

तेर्नेयवर टेलिफोन नव्हता. गुरुवारी त्याच जहाजाने त्या दोघी परत निघाल्या. शवपेटी पुढच्या डेकवर ताडपत्रीखाली होती. वारा पडला होता. बेट दिसायला लागलं तेव्हा कप्तान मारेनजवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, जहाजाचा झेंडा अर्ध्यावर उतरवायचा ना, मयत असलं की तशी रीत आहे. मारेनने नको म्हणून सांगितलं. खाडीत होडी असताना नको. आधी होडीतल्यांना जहाजाला लागू दे.

होडी निघालीच होती. इसाकची होती ती. तिच्यात शाळेतली मास्तरीण होती आणि लोविसा होती. वल्हवणारा पाठमोरा येतो, त्यामुळे मारेनला दोन पाठी तेवढ्या दिसत होत्या. मास्तरीण मधूनमधून मान वळवून जहाजाकडे बघे. लोविसाने एकदाही मागे बघितलं नाही. काळी शाल कंबरेला गाठ मारून बांधलेली, आणि प्रत्येक ओढीला पाठ सारखीच मागे येत होती, घाई नाही की दमणं नाही. बावीस वर्षांत मारेन या कठड्याशी कधी उभी राहिली नव्हती. होडी यायला इतका वेळ लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

योर्दिस म्हणाली, "मी सांगते."

"तुझ्याच्याने व्हायचं नाही. मी सांगते."

मारेन शिडी उतरून होडीत आली आणि लोविसासमोर फळीवर बसली. लोविसाने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग वर कठड्याकडे बघितलं, जिथे योर्दिस एकटीच उभी होती.

"कधी?" तिने विचारलं.

"काल पहाटे. योर्दिस जवळ होती. शेवटी दुखत नव्हतं त्याला."

लोविसाने वल्ही सोडली नाहीत. होडी जहाजापासून दूर जाऊ नये म्हणून ती हलकेच पाणी मागे सारत राहिली. जाळं खाली आलं. पेटी लांब होती. ती होडीच्या मागच्या भागात, मधोमध ठेवावी लागली. योर्दिस उतरून तिच्यापलीकडे बसली. मास्तरीण रडायला लागली होती. मारेनने तिला उठवून नाळेत बसवलं आणि तिची वल्ही घेतली. मग पुढे वाकून ती लोविसाला म्हणाली, "तुमची पण द्या. मी नेते एकटी. पाणी शांत आहे."

"नको," लोविसा म्हणाली.

तिने पाय पेटीच्या कडेला टेकवले आणि पहिली ओढ घेतली. मागे बसलेल्या मारेनला तिची पाठच दिसत होती. लोविसाचं तोंड पेटीकडे होतं, आणि किनारा येईपर्यंत ते तिकडेच राहणार होतं. जहाजावरचा झेंडा आता अर्ध्यावर उतरत होता. किनाऱ्यावर तीन पोरं उभी होती. मारेनने आपला ताल सोडून दिला आणि लोविसाच्या ओढीशी ओढ मिळवत ती वल्हवत राहिली.