दुर्गाबाईंचा डेरा

मित्रांनो, उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माणिक मिस्त्रीच्या आवारात, कडुनिंबाखाली जी हिरवट रंगाची जीप उभी दिसते ना, ती मी. शाळेतून घरी जाताना तुम्ही माझ्या बॉनेटवर दप्तरं आपटता आणि मला खटारा म्हणता. म्हणा बापडे! मला राग येतो, पण तो फार वेळ टिकत नाही. दुपारची सावली अंगावर आली की मला डुलकी लागते, आणि डुलकीत मी कुठच्या कुठे फिरून येते. आज जरा जागी आहे, तर बसा इथे पायरीवर आणि माझी हकिकत ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते, त्यामुळे लाड वगैरे काही नाहीत. रंग वाळतो न वाळतो तोच मला जहाजावर चढवलं. पुढे आसामच्या जंगलात मी असला चिखल तुडवला की विचारू नका. साध्या गाडीची दोनच चाकं जोर लावतात. माझ्यात एक लहानसा दांडा आहे, तो पुढे ढकलला की माझी चारही चाकं एकदम कामाला लागतात. त्या दांड्याचा मला फार अभिमान आहे, आधीच सांगून ठेवते.

लढाई संपली आणि मला महूच्या छावणीत, गवतात आणून सोडून दिलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी तिथेच होते. लांबून बँड ऐकू येत होता. माझ्या सीटखाली एका साळुंकीने घरटं केलं होतं, आणि मला वाटायचं की आता पिल्लं सांभाळणं हेच आपलं काम. वाईट नव्हतं हो ते काम.

मग एक दिवस उज्जैनचे श्रीधरराव आले. शिंदे सरकारचं राज्य विलीन होऊन मध्यभारत नावाचा नवा प्रांत झाला होता आणि त्याच्या बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. सडकांची कामं बघत उन्हातान्हात सायकल हाणून बेजार झाले होते. लिलावात सगळे चांगल्या गाड्यांभोवती गोळा झाले आणि हे माझ्यापाशी येऊन उभे राहिले. साळुंकी उडून जाईपर्यंत त्यांनी मला हात लावला नाही. मला माणूस तिथेच आवडला.

मला बैलांनी ओढत फ्रीगंजमध्ये आणलं, याच आवारात. माणिक मिस्त्री माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ओवरसियर साहब, ये गाडी नहीं, गाडी का भूत है."

"भूत ही सही," श्रीधरराव म्हणाले, "चलेगा ना?"

"चलेगा? अजी, दौडेगा!"

माझा तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो काढून नवा ठोकला. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, क्लच बदलला, स्प्रिंगचे तुटके पाटे लोहाराकडून घडवून आणले. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मी इतका धूर सोडला की शेजारच्या शिंप्याने दुकानाची फळीच लावून घेतली. मला मात्र गाढ झोपेतून कोणीतरी कपाळावर हात ठेवून उठवावं तसं वाटलं.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सकाळी मंगलाबाईंना, म्हणजे श्रीधररावांच्या बायकोला, शाळेत सोडायचं. त्या तिथे शिकवायच्या. मग श्रीधररावांना घेऊन सडकेच्या कामावर जायचं. संध्याकाळी दळण, भाजी, आणि कॉलनीतल्या कोणाच्या तरी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं. दोन-चार नवरदेवही मी मिरवलेत. लोक म्हणायचे, "क्या गाडी है!" आणि मी मुद्दाम हॉर्न थोडा जास्त वाजू द्यायची.

पण खरी गोष्ट पुढे आहे. श्रीधररावांचे वडील तात्या. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या दरबारच्या फरासखान्यात नोकरीला होतं. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, गालिचे यांचं खातं. थंडीत दरबार दौऱ्यावर निघाला की तात्या आधी पुढे जायचे आणि माळावर डेरे उभे करायचे. त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, एकदा तरी तो थाट डोळ्यांनी बघायचा होता. रेशमी दोर, लाल अस्तर, नदीकाठी ओळीने उभे असलेले डेरे. दरवर्षी त्या म्हणायच्या, "मला न्या की हो." आणि दरवर्षी तात्या म्हणायचे, "पुढच्या मुक्कामाला नेतो." असं करता करता त्यांची सगळी तरुणपणाची वर्षं गेली. मग राज्यच गेलं, फरासखाना बंद झाला, आणि पुढचा मुक्काम काही आलाच नाही.

छप्पन साली उन्हाळ्यात दुर्गाबाईंना नीट दिसेना. इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल, म्हणाले. त्या दिवशी परत येताना, देवासच्या अलीकडे, दुर्गाबाई म्हणाल्या, "श्रीधर, डोळे जायचे ते जातील रे. पण दिसतंय तोवर मला एकदा डेरा दाखवा. बस्स, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतः माणिककडे आले आणि म्हणाले, "मिस्त्री, या गाडीत आम्हाला घर बसवायचंय."

काय धमाल चालली होती तेव्हा! मागची सीट उलगडली की पलंग होईल अशी बिजागरी माणिकने बसवली. एका बाजूला लाकडी खोका, त्यात स्टोव्ह, चहा-साखरेचे डबे आणि मसाल्याचा डबा. झाकण उघडलं की तेच पोळ्या लाटायला फळी. पाण्यासाठी जुना फौजी डबा. दुर्गाबाईंचे गुडघे दुखत, म्हणून मागे ही ठेंगणी पायरी, जिच्यावर तुम्ही आत्ता बसला आहात. डेरा दोसुतीच्या जाड कापडाचा, माझ्या कुशीला बांधायचा. त्याच्या अस्तरासाठी दुर्गाबाई स्वतः भैरवगढला गेल्या आणि छापाच्या कापडांतून हाताने चाचपत, डोळ्यांपाशी नेत, लाल रंग निवडून आल्या.

आता तात्यांचा घोळ ऐका. माप त्यांनी दिलं, आणि दिलं ते दरबारी! मंगलाबाई आणि शेजारचा शिंपी दिवसचे दिवस शिवत होते. डेरा तयार झाला आणि माझ्यात मावेना. उलट मीच त्यात आरामात मावले असते, वर चार बैलही.

"तात्या, आपण चार माणसं आहोत," श्रीधरराव म्हणाले, "आपली काय स्वारी निघालीय?"

"यापेक्षा लहान डेरा मी जन्मात ठोकला नाही," तात्या फणकारले. कात्री चालवायला ते तयार होईनात. शेवटी दुर्गाबाईंनीच कात्री घेतली आणि मंगलाबाईंना म्हणाल्या, "तू सरळ धर गं, मी कापते. यांना चक्कर येईल." उरलेल्या कापडाच्या उशा झाल्या आणि कॉलनीतल्या पोरींचे फ्रॉक झाले.

तोवर दिवाळी जवळ आली. मध्यभारतही आता संपणार होता, नवा मध्यप्रदेश होणार आणि कचेऱ्या भोपाळला जाणार. श्रीधररावांना तिकडे हजर व्हायचा हुकूम आला. सामान बांधून झालं होतं, हातात मोकळा असा एकच दिवस उरला. दुर्गाबाईंना तर आता दिवे लागायच्या वेळी काहीच दिसत नसे. जे काय बघायचं ते सूर्य मावळायच्या आत.

गंभीर नदीच्या काठी जायचं ठरलं. निघायला सकाळची दुपार झाली, कारण तात्या मेखा पुन्हा पुन्हा बाहेर काढून रचत होते. सडक सोडून गाडीवाट धरली आणि नाल्यापाशी माझी मागची चाकं काळ्या मातीत बसली. वरून सुकलेली, आतून लोण्यासारखी! श्रीधररावांनी जोर दिला तशी मी आणखी खाली गेले.

"फसली," मंगलाबाई म्हणाल्या.

श्रीधररावांनी लहान दांडा ढकलला. तो हलेना. शहरात त्याला इतकी वर्षं कोणी हात लावला नव्हता, तो आखडून बसला होता. माझी काय अवस्था झाली सांगू! ज्याचा मी एवढा तोरा मिरवला, तोच ऐन वेळी दगा देत होता. ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

तात्या म्हणाले, "श्रीधर, फिरू परत. पुढच्या..."

आणि ते थांबले.

"बोला ना," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "अडलात का?"

तात्या खाली उतरले. मागे आले, कनात ओढून बाहेर काढली. कनात म्हणजे डेऱ्याची कापडी भिंत. लाल अस्तराची, कोरी. आयुष्यभर या माणसाने कापडाला मातीचा डाग लागू दिला नव्हता. त्यांनी ती झटकन उलगडली आणि माझ्या चाकांपुढे चिखलात अंथरली.

"तात्या, अहो!" मंगलाबाई ओरडल्या.

"राहू दे ती. श्रीधर, लाव जोर!"

श्रीधररावांनी पाय रोवून, दोन्ही हातांनी दांडा रेटला. कड्डकन आवाज झाला आणि माझ्या पुढच्या चाकांत जीव आला. मित्रांनो, आसामात मी तोफा ओढल्या, पण तेव्हासारखा जोर मी कधीच लावला नाही. मागच्या चाकांनी कनात धरली, पुढच्यांनी माती धरली, आणि मी बाहेर पडले. दुर्गाबाईंनी माझ्या पत्र्यावर थाप मारली, "शाब्बास गं बाई!"

नदीकाठी पोचलो तेव्हा सूर्य बाभळींच्या जरा वर होता. तात्यांनी कोणालाही मेखेला हात लावू दिला नाही. त्यांचं वय कुठे गेलं कोण जाणे! दुर्गाबाई माझ्या पुढच्या सीटवर बसून मान पुढे काढून बघत होत्या. दोर ताणला, काठी उभी राहिली, कापडात वारा भरला आणि डेरा उभा झाला. कनात नव्हती म्हणून पश्चिमेची बाजू उघडीच राहिली, आणि तिथून ऊन थेट आत शिरलं. सगळं अस्तर पेटल्यासारखं लाल झालं. दुर्गाबाई मंगलाबाईंचा हात धरून आत गेल्या, गादीवर बसल्या, आणि वर बघतच राहिल्या.

"अहो, या ना आत," त्यांनी हाक मारली.

"तू बस. मी आहे इथे," तात्या दोर धरून म्हणाले.

"इथे म्हणजे बाहेर?"

"अगं, फरास आत बसत नसतो. डेरा उभा करायचा आणि बाजूला व्हायचं."

"मग इतकी वर्षं तुम्ही झोपत कुठे होता?"

"बैलगाडीखाली," तात्या म्हणाले. "थंडी फारच असली तर कनातीच्या गुंडाळीत."

दुर्गाबाई म्हणाल्या, "आणि मी वेडी! मला वाटायचं, तुम्ही तिकडे गालिच्यांवर लोळताय म्हणून मला नेत नाही. दर थंडीत रुसून बसायची मी तुमच्यावर. एकदा तरी सांगायचं होतं हो."

"काय सांगणार? तुला वाटायचं माझी तिकडे मोठी ऐट आहे. मला बरं वाटायचं ते."

दुर्गाबाई रडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "वहाणा काढा आणि आत या. हा काही सरकारी डेरा नाही. हा माझा आहे."

तात्यांनी वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि वाकून आत गेले. गादीच्या कडेवर बसले, लग्नघरी परका पाहुणा बसतो तसे. दुर्गाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "दिसताय तोवर बघून घेते."

श्रीधरराव आणि मंगलाबाई चहाचं भांडं तसंच ठेवून नदीकडे निघून गेले. मी जवळच उभी होते, माझं इंजिन टिकटिक करत निवत होतं. सूर्य बाभळींमागे जाईपर्यंत दुर्गाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हातारे झालात हो," आणि दोघंही हसायला लागली.

पुढे सगळे भोपाळला गेले. श्रीधररावांना तिथे सरकारी गाडी मिळाली आणि मला त्यांनी माणिकच्या हवाली केलं. दुर्गाबाईंची नजर वर्षभरात गेली. मंगलाबाई एकदा इथे आल्या होत्या, त्यांनी माणिकला सांगितलं, "आई त्या डेऱ्याचं वर्णन रोज करतात. मी तिथे होते हे विसरून मलाच सांगतात, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकते."

तर मित्रांनो, माझ्यावर दप्तरं आपटा, चढा, उतरा, माझी काही हरकत नाही. फक्त माणिकला सांगून माझ्या रेडिएटरमध्ये पाणी राहू द्या, टायरात हवा राहू द्या, आणि अधूनमधून तो लहान दांडा मागेपुढे करा, म्हणजे तो आखडणार नाही. तुमच्याही घरी कोणीतरी कितीतरी वर्षं एकच लहानशी गोष्ट मागत असेल. विचारा त्यांना आज घरी गेल्यावर. आणि कुठे जायचं असेल तर मला हाक मारा. उशीर झाला असेल तरी मारा, मी उजेड असेपर्यंत पोचवते.