दिवस बुडाल्यावरचं पाणी

मी घमेलं बोलतोय. सायकलीच्या पंचरचं घमेलं. आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे आणि ते निवावं अशी माझी इच्छाही नाही. गोड ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीला बोलतं करा.

माझ्या जन्माचं फारसं कौतुक नाही. पत्रा ठोकून मला गोल केलं आणि पुसदच्या बाजारात चवडीत रचलं. तिथून महागावच्या उकंडा मिस्त्रीनं मला उचललं. माझ्यासोबतची काही घमेली शेण भरायला गेली, काही सडकेच्या कामावर गिट्टी वाहायला. माझ्या वाट्याला मात्र दुकान आलं, म्हणून सुरुवातीला मी जरा मिजाशीतच होतो.

उकंड्याचं सायकलचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. आमच्याकडच्या वाटा बैलगाड्यांच्या आणि कुंपणं बाभळीच्या काट्यांची, त्यामुळे पंचरला कधी तोटा नव्हता. उकंडा सकाळी मला पाण्यानं भरायचा, हवा भरलेली ट्यूब पाण्यात बुडवून फिरवायचा आणि जिथून बुडबुडे निघतील तिथे बोट ठेवायचा. भोक दाखवायचं काम माझं. ते दाखवताना ट्यूब कोणाची, हे मी कधी विचारलं नाही.

उकंडा मात्र विचारायचा.

छप्पन साली आमच्या गावातली एक वस्ती दीक्षा घेऊन आली. त्यांनी देव्हारे रिकामे केले आणि ते बौद्ध झाले. उकंड्याच्या लेखी काहीच बदललं नाही. उलट तो चारचौघांत फुशारकी मारायचा, "मी कोणाले परत नाई पाठवत, बाप्पा. फक्त दिवस बुडाल्यावर या म्हणतो." म्हणजे गावच्या ट्यूबा आधी, वस्तीतल्या सगळ्यांत शेवटी. मग ते पाणी लांब नेऊन ओतायचं, मला राखेनं घासायचं, रातभर पालथं घालायचं आणि सकाळी नवं पाणी भरायचं. दिवसभर उकंड्याच्या हातांवरून माझ्यात शेण यायचं, चिखल यायचा, तंबाखूची थुंकी यायची. त्यानं पाणी बाटत नव्हतं.

आणि हे सोवळं पाळणारा कोण? आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं जन्मल्याबरोबर ज्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं, तो. उकिरड्यानं ज्याचा जीव राखला त्यानं मला शुद्ध-अशुद्ध शिकवावं, याचा राग येऊ नये तर काय यावं?

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली कौसल्या ही त्याच वस्तीतली सून. बाळंतपणाला गावोगाव जावं लागे म्हणून तिला बिनदांडीची सायकल मिळाली होती. गावात तशी ती एकच. उकंड्याच्या भाड्याच्या सगळ्या सायकली दांडीच्या, लुगडं नेसलेल्या बाईनं त्यावर बसायचं कसं?

पेरणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळचं ऊन नुकतं चढलं होतं. कौसल्या सायकल ढकलत दुकानापुढे आली. मागचं चाक पार बसलेलं. सोबत फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा प्रेमसिंग होता. त्याची बायको धनीबाई आदल्या दिवसापासून अडली होती आणि तो कौसल्येला न्यायला आला होता.

"मिस्त्री, एवढा पंचर काढून द्या," कौसल्या म्हणाली. "बाई अडली हाये."

उकंड्यानं मान वर केली नाही. "ठेवून जा. दिवस बुडाल्यावर होते."

"तवरिक ते बाई राहीन काय?"

"समजते मले. पण पाणी आत्ताच भरलं हाये. लोकायच्या ट्यूबा पडल्या हायेत. घमेलं घासून पुन्हा भरत बसू काय मी?"

"मंग मले दाखवा. मीच काढीन."

त्यावर उकंडा हसला. दुकानात बसलेले दोघेतिघेही हसले. प्रेमसिंग हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, माणुसकी करा जी." त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघूनही उकंड्याचं बूड हललं नाही. मी समोर काठोकाठ भरलेला होतो. माझ्यात एक ट्यूब बुडायला कितीसा वेळ लागला असता?

प्रेमसिंगला सायकल चालवता येत नव्हती आणि पेरणीमुळे कोणाची बैलगाडी मोकळी नव्हती. सायकल तिथेच टाकून ती दोघं पायी निघाली. इकडे दिवस बुडाल्यावर उकंड्यानं तिचा पंचर काढला. इमानदारीनं काढला, हेही सांगायला हवं. मग मला राखेनं घासलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्या आली. दुकानात गर्दी होती. पाय धुळीनं भरलेले, डोळे कोरडे. ती कोणाशी बोलली नाही. सरळ माझ्यापुढे बसली आणि तिनं दोन्ही हात कोपरांपर्यंत माझ्या पाण्यात घातले.

"धनीबाई गेली," ती म्हणाली. "लेकरू हाये. मी पोचली तवा ते बाई थंडी पडून राह्यली होती."

तिनं हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि आपली सायकल घेऊन ती निघून गेली. त्या हातांना बाळंतिणीच्या उशाशी असायला हवं होतं, आणि ते माझ्यात आले होते. इतकं जड पाणी मी कधी पेललं नाही.

धनीबाईबद्दल कोणी बोलेल असं मला वाटलं होतं. पण एक गिऱ्हाईक म्हणालं, "उकंड्या, माही ट्यूब आता याच्यात नको बुडवू." बास. एवढीच त्यांची हळहळ. उकंड्यानं मला अशी लाथ हाणली की माझ्या काठाला पोचा पडला, आणि मग उचलून मागच्या उकिरड्यावर फेकलं. यावेळी राखेनंही भागणार नव्हतं म्हणे.

संध्याकाळच्या आत कौसल्येनं मला तिथून उचलून घरी नेलं. सासू कांताबाई दारातच म्हणाली, "हे भंगार कायले आनलं वं?"

"पंचर काढाले."

"तुले येते?"

"नाई येत. शिकतो."

आणि ती शिकू लागली. शिकवायला कोणी नव्हतं, दुकानात बघितलं तेवढंच. टायर काढायला तिनं चुलीपुढचं उलथनं घेतलं आणि त्याच्या धारेनं ट्यूबला आणखी भोकं पाडली. पुढच्या खेपेला ट्यूब न खरवडताच सोल्युशन लावलं, ठिगळ पोपडा निघावा तसं निघून आलं. नट उलटा फिरवून आटे घालवले. चेन चढवताना बोट सापडलं. मला तिचाही राग यायचा. अगं, जरा धीर धर, सोल्युशन वाळू दे, असं ओरडावंसं वाटायचं. पण घमेल्याला आवाज कुठला? मी फक्त बुडबुडे दाखवत राहायचो.

एकदा तर कहर झाला. पंचर नीट निघाला, ठिगळ पक्कं बसलं, ती सायकल घेऊन निघाली आणि दवाखान्यापर्यंत जाते तोच चाक पुन्हा बसलं. परत काढलं, परत बसलं. भोक दर वेळी त्याच जागी. कौसल्या रडकुंडीला आली आणि तिनं पाना अंगणात भिरकावला.

कांताबाई कापूस वेचून आली होती. तिनं टायर मांडीवर घेतला आणि आतून हात फिरवला. मग नखानं बाभळीचा मोडका काटा उपसून सुनेच्या हातावर ठेवला. "जल्मभर अनवाणी हिंडली मी," ती म्हणाली. "काटा काढल्याबिगर हळद बांधून काय होते, पोरी?"

पुढे शिवाशिवीविरुद्धच्या कायद्याची गोष्ट निघाली की मला तो टायर आठवायचा. कायदा झाला, ठिगळ चांगलं पक्कं बसलं आहे. काट्याला मात्र अजून कोणी नख लावलेलं नाही.

त्यानंतर कौसल्येचा हात बसला. पंचर, ब्रेकचे रबर, चेनला तेल, सगळं ती स्वतः करू लागली. वस्तीतले लोकही अंगणात सायकली आणू लागले, भर दुपारी. माझं पाणी मात्र ती लांबच्या नाल्यातून डोक्यावर आणायची, कारण गावच्या विहिरीचा काठ अजून तिला बंद होता. बाळंतिणीला हात लावायला चालायचं, विहिरीच्या दोराला नाही.

काही वर्षांनी एका सकाळी कौसल्या अंगणात मागचं चाक उघडून बसली होती. ट्यूब माझ्यात होती. तेवढ्यात उकंडा धापा टाकत आला.

"कौसल्याबाई, शोभा अडली हाये. माही पोरगी. फुलसावंगीहून तिच्या सासरचा मानूस आलता. तुमी चाला."

तो 'तुमी' म्हणाला, हे मी ऐकलं. गाडी त्यानं जोडायला सांगितली होती, पण बैलांच्या चालीनं पोचेपर्यंत दिवस बुडाला असता. आता म्हण, मी मनात म्हणालो. म्हण, ठेवून जा, दिवस बुडाल्यावर होते. त्या शब्दांसाठी मी इतकी वर्षं पोचा मिरवत होतो.

कौसल्येनं ते म्हटलं नाही. ती उठली आणि पिशवी भरू लागली. "मी सामान घेतो," ती म्हणाली. "चाक तुमी करा. तुमचा हात चालते."

"दुकानात नेतो, लवकर होईन."

"तिकडं कायले? घमेलं इथंच हाये."

उकंड्यानं माझ्याकडे पाहिलं. काठावरचा पोचा त्यानं ओळखला, स्वतःच्याच लाथेचा होता. शेजारच्या दारांत बाया उभ्या राहिल्या होत्या. क्षणभर वाटलं, बुडबुडे गिळून टाकावेत, शोधू दे त्याला. पण फुलसावंगीला एक बाई कण्हत होती आणि तिनं माझं काही बिघडवलं नव्हतं. उकंड्यानं हात पाण्यात घातले. मी भोक दाखवलं.

शोभा वाचली, तिचं बाळही वाचलं. आणि उकंडा? त्या दिवशी घरात शिरण्याआधी त्यानं मागच्या दारी अंघोळ केली. दुकानात नवं घमेलं आहे आणि रीत जुनीच आहे. हे कळलं तेव्हा कौसल्या एवढंच म्हणाली, "करू दे अंघोळ. पोरगी जित्ती हाये न." तिचं मन मोठं आहे. मी पत्र्याचा आहे, मला ते जमत नाही.

आता माझं बूड गंजलं, एका जागी कथलाचा डाग देऊन भोक बुजवलंय. तरी सकाळपासून मी अंगणात भरलेला असतो. कोणीही या, कुठल्याही वेळी या. तुमच्या ट्यूबचं भोक मी खरंच सांगेन. पण माझ्यासमोर बसून पाणी बदला असं म्हणू नका. ते तिनं नाल्यावरून डोक्यावर आणलेलं असतं. आणि ज्या दिवशी तुमच्याकडे भरलेलं घमेलं होतं, त्या दिवशी धनीबाई वाट बघत मेली.