उलटा बुश

"गिऱ्हाईकाकडून चाळीसच्या चाळीस परत आले!" कुंदन साहेबांनी पितळी बुशांचा, एका टोकाला कडा असलेल्या छोट्या नळ्यांचा, खोका टेबलावर आपटला. "भोक मोठं पडलंय. योगिनी, तुमच्या लेथचा माल आहे. उद्यापासून येऊ नका."

अंबडच्या त्या छोट्या कारखान्यात सकाळच्या मीटिंगला सगळे उभेच असत. योगिनी घोटीहून बसने यायची. तिची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती.

"सर, मला कोणी सांगितलंच नाय," ती म्हणाली. "तपासणीत पास झाला माल."

तपासणी सावळीरामांकडे होती, सव्वीस वर्षं. मंगळवारी या मालातला तिचा पहिला बुश त्यांनी मापला, तेव्हा भोक मोठं होतं. त्यांनी तो नेहमीप्रमाणे तिच्या मशीनवर उलटा ठेवला आणि विचारलं, "चहा झाला का, ताई?"

इथे चूक बोलून दाखवत नसत. उलटा बुश दिसला की कारागीर मुकाट्याने मशीनचं माप पुन्हा लावायचा. चारचौघांत कुणाची मान खाली जायची नाही. सावळीरामही मग तो माल पुन्हा मापत नसत. मापला तर अविश्वास दाखवल्यासारखं व्हायचं.

योगिनीला ही खूण ठाऊक नव्हती; तिने तो बुश सरळ करून खोक्यात टाकला होता. "झाला, काका. तुमचा?" तिने हसून विचारलं होतं. आणि त्यांनी सगळ्या खोक्यावर शिक्का मारला होता.

"साहेब," सावळीराम पुढे झाले, "चूक माझी आहे. मी तिला सांगितलं नाही. न मापता शिक्का मारला."

साहेबांचा आवाज एकदम उतरला. "काका, असू द्या. आपण केबिनमध्ये बोलू."

"नको. तिला सगळ्यांसमोर बोललात, मलाही सगळ्यांसमोरच बोला."

साहेबांनी खोक्यावरचा शिक्का पाहिला. मग त्यांनी हात पुढे केला. सावळीरामांनी खिशातला शिक्का काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

योगिनी राहिली. सावळीरामांना पॅकिंगला बसवलं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

दुपारी ती पॅकिंगच्या टेबलाशी आली. "काका, तोंडावर सांगायचं ना! आमच्याकडं भात करपला तर पाहुणाबी सांगतो, करपलाय म्हणून. आन् वर अजून वाढा म्हणतो."

सावळीराम हसले. "आम्हाला ते जमलं नाही कधी."

"मग आता जमवा. लय अवघड नाय."

चारच्या सुमारास तिचा एक बुश त्यांच्या हाती आला. कडेला ओरखडा होता. तो घेऊन ते तिच्या मशीनपाशी गेले. घसा खाकरला.

"चहा..." ते म्हणाले आणि थांबले. "ताई, हा बुश चुकलाय."

शेजारच्या दोन मशीनवरची माणसं वळून बघू लागली. योगिनीने ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून ती मशीन लावायला वाकली.

सवयीने सावळीरामांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी तो बुश तिच्या मशीनवर ठेवला, सरळ.